विचारून लिहिणारे मुन्शीजी

मुन्शीजींनी पहिल्या भेटीत मला जे विचारलं, ते मी अजून सासरी कुणाला सांगितलेलं नाही. अंगावर साडी, गळ्यात मंगळसूत्र, हातात डबा आणि कडेवर रडणारं पोर, अशा अवतारात मी गेवराईच्या तहसीलसमोर त्यांच्या टेबलापुढे उभी होते. माझ्या टायपिंगच्या दुकानाच्या नोंदणीचा अर्ज भरायचा होता. नाव झालं, पत्ता झाला, वय झालं. मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं,

“पुरुष, स्त्री, का इतर?”

मला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं.

“दिसंना का तुमाला?” मी म्हणाले.

“दिसतंय की. पन दिसन्यावर लिव्हत न्हाई मी. इचारून लिव्हतो.”

शेवटी मी “बाई!” म्हणून ओरडले तेव्हा शेजारच्या स्टॅम्पवाल्यासकट सगळी रांग हसली. मुन्शीजी मात्र हसले नाहीत. रकान्यात बरोबरची खूण करून ते शिक्षणाकडे वळले. या माणसाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही असं ठरवूनच मी घरी गेले.

आणि पुढची सात वर्षं रोज तेच तोंड पाहिलं. झालं असं, की सगळे अर्ज कॉम्प्युटरवर गेले. मुन्शीजींना कुठल्या अर्जाला काय जोडायचं ते तोंडपाठ होतं, पण माऊसला हात लावायचा म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. माझ्याकडे कॉम्प्युटर होता आणि कायद्याच्या नावाने शंख. स्टॅम्पवाल्याने मध्ये पडून दोघांची मोट बांधली. त्यांचं टेबल माझ्या शटरपुढे आलं. ते विचारायचे, मी टाइप करायची. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी ते मला म्याडम म्हणायचे, आणि “म्याडम, जरा हिकडं या” ही हाक ऐकली की मी कपाळावर हात मारून घ्यायची.

मुन्शीजी जाऊन आता दोन वर्षं झाली. त्यांचा स्वभाव कसा होता असं कुणी विचारलं तर मला अजून धड सांगता येत नाही. किडकिडीत अंग, पायजमा, पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं. काळं सरकारसाठी, निळं माणसांसाठी. वडीलही अर्जनवीस, म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारे. निजामाच्या काळात ते उर्दूत लिहायचे, त्यामुळे मुलाच्या मराठी अर्जातही ‘मेहेरबान’ आणि ‘तमाम’ ठाण मांडून बसलेले असत. पन्नास वर्षांत आपला एक अर्ज वापस आला नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. “अर्ज मान्साचा असतो, मुन्शीचा नसतो,” हे वाक्य दिवसातून दहा वेळा व्हायचं.

म्हणून स्वतःच्या मनाने ते काही लिहायचे नाहीत. नव्वदीच्या म्हातारीला, शेजारी नातू उभा असताना, “लगीन झालंय का?” असं विचारायचे. म्हातारी कपाळ बडवून घ्यायची. पण सगळ्यात घोळ व्हायचा तो त्या तिसऱ्या रकान्यापायी. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या, गडी चिडायचे. सिरसाळ्याकडचा एक मेंढपाळ तर विचारात पडला आणि म्हणाला, “इतरमधी शेरडं बी लिव्हता का? बावीस हायेत.” मुन्शीजींनी त्याला शांतपणे समजावलं की शेरडांचा अर्ज वेगळा असतो.

ते एक वही ठेवायचे. तिच्यात पेपरातली कात्रणं कणकेच्या खळीने चिकटवलेली. पहिलं कात्रण सुप्रीम कोर्टाच्या निकालाचं, तृतीयपंथी माणसांनाही सरकारदरबारी आपली ओळख आहे आणि ती ज्याने त्याने स्वतः सांगायची, असं सांगणारं. मग कुठे अशी एक बाई सरपंच झाली, कुठे कुणी न्यायाधीश झालं, कुठे पोलिसात भरती झालं. परदेशातल्या एका मंत्र्याने दुसऱ्या पुरुषाशी लग्न केल्याची बातमीही होती. सगळ्यांच्या नावापुढे मुन्शीजींनी निळ्या पेनाने ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ लिहिलेलं, आणि जिथे समजत नव्हतं तिथे नुसतं प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्हंच जास्त होती.

“म्याडम, आता दोन गडी लगीन करत्यात म्हनं तिकडं,” ते एकदा भाकरी खाता खाता म्हणाले. “मंग अर्जात वधूचं नाव कुठं लिव्हायचं?”

“आपल्याकडं आलं तर बघू,” मी म्हणाले.

“आलं तर तवा नमुना न्हाई म्हनून वापस पाठवायचं का? आदीच इचार करून ठिवावा लागतो.” आणि खरोखर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर ‘जोडीदार क्रमांक एक, जोडीदार क्रमांक दोन’ असा एक नमुना तयार करून ठेवला. क्रमांक एक कोणाला द्यायचा यावर ते दोन दिवस अडले होते.

अशा माणसांचं प्रेम गुन्हा ठरवणारं जुनं कलम कोर्टाने मोडीत काढलं, त्या दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून आले आणि त्यांनी सगळ्या रांगेला चहा पाजला. स्टॅम्पवाल्याला वाटलं नातू झाला. त्याने उठून हातबित मिळवला. मुन्शीजींनीही मिळवू दिला. मी कपातला चहा गार होईपर्यंत त्यांच्याकडे बघत बसले. हा माणूस साठी ओलांडलेला, बायको वारलेली, मुलगा औरंगाबादला नोकरीला, देवळात जाणारा, कांदा न खाणारा. याला या भानगडीत एवढा आनंद कशाचा? शेवटी न राहवून विचारलं, “मुन्शीजी, तुमच्या घरात कुनी...?”

“साखर कमी पडली आज,” ते म्हणाले.

खरं सांगते, मला तृतीयपंथी लोकांची भीती वाटायची. बाजारच्या दिवशी टाळ्या ऐकू आल्या की मी शटर अर्धं खाली ओढायची. मुन्शीजी ते बघायचे, बोलायचे काही नाहीत. पण त्या दिवशी ते माझ्या हातचा चहा घ्यायचे नाहीत, एवढं माझ्या ध्यानात आलं होतं.

मग ते सभापतींचं प्रकरण झालं. सभापती म्हणजे माजी सभापती. पण आपल्याकडे पद जातं, हाक राहते. पांढरी गाडी, पांढरे कपडे, मिशा अशा की त्यांच्यावर लिंबू ठेवावं. त्यांना पिस्तुलाचा परवाना हवा होता. बरोबर पाच-सहा पोरं. मुन्शीजींनी नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मी मनातल्या मनात देवाचा धावा करत असतानाच ते म्हणाले,

“पुरुष, स्त्री, का इतर?”

“मिशा दिसंनात का बे?” सभापती म्हणाले.

“दिसत्यात की. मिशाचा रकाना न्हाई अर्जात.”

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्यानेच घात केला. सभापतींनी टेबलावरून हात घालून मुन्शीजींची कॉलर धरली. “मला इतर म्हनतो व्हय बे?”

“म्हनलो न्हाई, इचारलं,” मुन्शीजी त्याच आवाजात म्हणाले. गळा आवळल्यामुळे तो जरा बारीक येत होता. “ज्याचं त्यानं सांगायचं आसतं. तुमी सांगा, मी लिव्हतो. माजं काय जातंय?”

सभापतींना ‘पुरुष’ हा शब्द काही केल्या उच्चारावासा वाटेना. जणू तो म्हटला तर शंका होती असं कबूल होईल. टेबल लाथेने उलटं करून ते निघून गेले. मुन्शीजींनी टेबल सरळ केलं, कागद गोळा केले आणि म्हणाले, “अपुरा राह्यला त्येंचा अर्ज.”

रांगेतल्या एकाने हे सगळं मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत ते जिल्हाभर, पार परभणीपर्यंत फिरलं. नांदूरघाटहून माझ्या भावाचा फोन आला, “आक्के, तुझ्या मुन्शीनं लई हसवलं बघ.” माझ्या नवऱ्याने तर ते जेवताना तीनदा लावलं. मी हसले नाही, कारण सभापतींची पोरं परत येतील ही धास्ती मला होती.

ती आली नाहीत. आठवड्याने आल्या त्या सुमित्राबाई.

परभणीच्या एसटीने आलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत, केस पांढरेफेक, कपाळावर ठसठशीत कुंकू, हिरवं लुगडं. चेहऱ्यावरून आणि रुंद खांद्यांवरून मी ओळखलं, ही त्यांच्यातलीच, आणि माझा हात सवयीने शटरकडे गेला. त्या मात्र रांगेत निमूट उभ्या होत्या. नंबर आला. मुन्शीजींची मान खालीच होती.

“नाव?”

“सुमित्रा.”

“बापाचं नाव?”

त्यांनी सांगितलं. मुन्शीजींचं पेन थांबलं. ते नाव मलाही ठाऊक होतं. मुन्शीजींच्या स्वतःच्या, अर्जनवीसाच्या परवान्यावर, त्यांच्या नावामागे तेच लिहिलेलं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही.

“वय?”

“एकाहत्तर.”

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. मागचे लोक चुळबूळ करायला लागले. शेवटी त्यांनी तो प्रश्न विचारला. आजवर हजार जणांना विचारलेला, पण या वेळी प्रत्येक शब्दागणिक त्यांची दमछाक होत होती. “पुरुष, स्त्री... का इतर?”

“बाई,” त्या म्हणाल्या.

मुन्शीजी गडबडले. भराभर वही काढली, ते पहिलं कात्रण उघडून त्यांच्यापुढे धरलं. “इतर हाय आता. रकाना हाय. कोर्टानं देलाय. आता लाजायचं काम न्हाई, दादा.”

“कोर्टानं मला देलाय का तुला?” सुमित्राबाई म्हणाल्या. “इचारतूस तर आईक तरी. बाई लिव्ह.”

मुन्शीजींनी लिहिलं. ते अक्षर त्यांचं वाटेना.

त्या ‘दादा’मुळे मला निम्मं कळलं. उरलेलं त्यांनी पुढच्या दोन-तीन दिवसांत माझ्याकडे न बघता, तुकड्यातुकड्याने सांगितलं. गोदाकाठच्या गावात घर. थोरला भाऊ आईचं लुगडं नेसायचा. बापाने एकदा बैलाच्या चाबकाने फोडून काढलं आणि सतरा-अठराव्या वर्षी तो घर सोडून गेला. परभणीला तसल्या लोकांत राहतो, असं कानावर यायचं. पुढे बाप वारला. वारसाचा अर्ज करायचा होता आणि तो मुन्शीजींनी स्वतःच्या हाताने लिहिला. ‘मयतास मी एकुलता एक मुलगा असून अन्य वारस नाही.’ गावातल्या एकानेही ब्र काढला नाही.

“कावून लिव्हलं तसं? जमिनीपायी?”

“दीड एकर, त्यातली आर्दी नदीत. जमिनीचं काय घिऊन बसला म्याडम.” ते टेबलाच्या फळीवर नख घासत राहिले. “कुनी इचारलंच न्हाई. मीबी सवताला इचारलं न्हाई. कोर्टाचा निकाल पेपरात वाचला, तवापसून समद्यांना इचारतो.”

“आन् हुडकायला न्हाई गेलात?”

“गेलतो. दोनदा. दारापसून वापस आलो. काय म्हनून हाक मारायची ते कळंना.”

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! सगळ्या तालुक्याला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, पिस्तूलवाल्यांना विचारत बसायचं, आणि ज्या एका दारात जाऊन विचारायचं तिथून पाय मागे घ्यायचे. मी त्यांना हे तोंडावर बोलले. ते “व्हय” म्हणाले. राग गेला नाही आणि कीव आली, दोन्ही एकदम, आणि आजही ती दोन्ही तशीच आहेत.

सुमित्राबाईंचं मागणं एकच होतं. “जमीन घाल चुलीत. बापाच्या नावाखाली माजं नाव पायजे. मेल्यावर कुनी म्हनू नये का ही बेवारस व्हती.” नाव बदलल्याची कागदपत्रं त्यांच्या पिशवीत होती, आधार कार्डावर ‘स्त्री’ होतं. कमी होतं ते एकच. ही तीच व्यक्ती आहे आणि आधीच्या वारस अर्जात तिचं नाव नव्हतं, असं मुन्शीजींनी शपथेवर सांगणं.

आमच्या धंद्यात यासाठी एक हुकमी शब्द आहे. कुणाचं नाव राहो, गट नंबर चुको, जन्मतारीख बदलो, आम्ही लिहितो, ‘नजरचुकीने’. साहेबालाही ते खोटं आहे हे ठाऊक असतं, लिहून घेणाऱ्यालाही. मी सवयीने तेच टाइप केलं. सुमित्राबाई म्हणाल्या, वाचून दाव. मी वाचलं.

“नजरचुकीनं?” त्या मुन्शीजींकडे वळल्या. “तुला कडंवर घिऊन नदीपतुर हिंडवलंय मी. अन् तुझी नजर चुकली व्हय रं?”

मीच मध्ये पडले. आक्का, तुम्ही समजून घ्या, मी म्हणाले. ‘जाणूनबुजून’ असं लिहिलं तर यांचं आधीचं प्रतिज्ञापत्र खोटं ठरतं. यांचा परवाना जाईल, वर गुन्हाही दाखल होऊ शकतो, या वयात. नाव लागल्याशी मतलब. शब्द कुठलाही असो.

“शब्दच पायजे मला,” त्या म्हणाल्या. “न्हाईतर ऱ्हाऊ द्या नाव.” आणि परभणीची गाडी गाठायला निघून गेल्या.

त्या दिवशी मुन्शीजींनी एका विधवेच्या अर्जात तिच्या गावाचं नाव चुकवलं. दुपारी तो वापस आला. पन्नास वर्षांतला पहिला. मला वाटलं ते हाय खातील. त्यांनी तो कागद नुसता उलटासुलटा करून पाहिला, बाईची माफी मागितली आणि दुसरा लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर वर करते तोवर ते येऊन बसलेले. “बसा म्याडम. लिव्हा. ‘सदर नाव मी नजरचुकीने नव्हे, तर जाणूनबुजून, लाजेपोटी वगळले.’”

“मुन्शीजी, लाजेपोटी हे कारन कुठल्याच नमुन्यात न्हाई.”

“नमुन्यात न्हाई. पन खरं हाय.”

“परवाना जाईल.”

“अर्ज मुन्शीचा नसतो म्हनून इतके दिस मिरवलं. हा एक मुन्शीचा हाय. लिव्हा.”

मी लिहिलं. आतला कारकून ते वाचून हसला, मग त्याने साहेबांना दाखवलं, साहेब हसले नाहीत. कागद दाखल झाला. महिन्याभरात मुन्शीजींना खुलासा मागणारी नोटीस आली. खुलासा न करता ते स्वतःच आत गेले आणि परवाना टेबलावर ठेवून आले. संध्याकाळी त्यांनी दोन्ही पेनं मला देऊ केली. मी घेतली नाहीत.

वारसाची नोंद मंजूर होण्याआधी पंधरा दिवसांची नोटीस लागते. कुणाची हरकत असली तर त्याने सांगायची. ती नोटीस गावच्या चावडीवर लागली. मुन्शीजींना आता टेबल नव्हतं. ते रोज सकाळी डबा घेऊन गावी जायचे आणि चावडीच्या ओट्यावर, बरोबर त्या कागदाखाली, संध्याकाळपर्यंत बसायचे. “कावून बसलाव मुन्शीजी?” असं कुणी विचारलं की म्हणायचे, “हरकतीची मुदत हाय.” मुलाने फोनवर बोलणं टाकलं. म्हातारं भरमिष्ट झालं, असं गाव म्हणायला लागलं. पण कागद कुणी फाडला नाही आणि हरकतही घेतली नाही.

शेवटच्या दिवशी दुकान बंद करून मीही गेले. परभणीहून सुमित्राबाई आल्या. तमाशा बघायला पन्नासेक माणसं जमली होती. तलाठ्याने नोंद मोठ्याने वाचली. मयताचं नाव, मग वारस. एक, मुलगा, म्हणजे मुन्शीजी. दोन, मुलगी, सुमित्रा. मुलगी हा शब्द ऐकल्यावर मुन्शीजींनी डोळे मिटून घेतले. पंधरा दिवसांचा शीण एकदम त्यांच्या खांद्यांतून उतरलेला मला दिसला.

“कुणाची काही हरकत?” तलाठ्याने रीतसर विचारलं.

“हाय,” सुमित्राबाई म्हणाल्या.

मुन्शीजींनी डोळे उघडले. तलाठी गोंधळला. “बाई, नोंद तुमचीच आहे. तुमची कशी हरकत?”

“नोंद चुकलीया. एक नंबरला ह्यो, दोन नंबरला मी. थोरली मी हाय.”

लोक हसले. तलाठीही हसला आणि म्हणाला, क्रमाने काही फरक पडत नाही, हिस्सा सारखाच. मला तर काय चाललंय तेच कळेना. एवढं सगळं झाल्यावर ही बाई नंबरासाठी भांडते? पण मुन्शीजी हसले नाहीत. पन्नास-पंचावन्न वर्षं ते त्या घरातले थोरले होते. बापाला अग्नी त्यांनी दिला होता, लग्नाकार्यात पहिला टिळा त्यांना लागला होता, भावकीत पहिलं पान त्यांचं वाढलं होतं.

ते ओट्यावरून उठले. “फरक पडतो,” ते म्हणाले. “हरकत बराबर हाय. घ्या लिव्हून. मी धाकला हाय.”

तलाठी लिहायला लागला. मुन्शीजी चार पावलं पुढे गेले आणि सुमित्राबाईंसमोर उभे राहिले. काय करावं ते त्यांनाही कळत नसावं, कारण आधी त्यांनी हात जोडले, मग सोडले. “आक्का,” ते म्हणाले. इतक्या हळू, की शेजारी उभी असल्यामुळे मलाच ऐकू आलं. आणि भर चावडीत ते त्यांच्या पाया पडायला वाकले.

सुमित्राबाईंनी पाय मागे घेतले.

मुन्शीजी तसेच वाकून राहिले, दोन्ही हात मातीवर टेकून. तलाठ्याचं लिहून झालं होतं, तरी तो वहीत बघत बसला. मी त्यांना उठवायला पुढे होणार होते, पण थांबले.

बऱ्याच वेळाने सुमित्राबाईंनी लुगड्याचा काठ जरासा वर धरला, आणि पाय पुन्हा पुढे केले.